वेरूळला जायलोत, मामा हॉटेलात जेवत नाहीत. शिदोरी न्यावी का बाहेर खावं?

लातूरची_लेक
नमस्कार मंडळी. येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) झाली की पुढच्या शुक्रवारी आम्ही घरचे आठ जण तीन दिवस बाहेर पडायलोत. लातूरहून अंबाजोगाई, योगेश्वरीचं दर्शन, मग मांजरसुंबा, बीड करत संभाजीनगरला मुक्काम. शनिवारी वेरूळ, घृष्णेश्वर आणि जमलं तर दौलताबाद, रविवारी परत. मी, नवरा, दोन लेकरं (9 आणि 12 वर्षं), दीर, जाऊबाई, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई आणि मामा म्हणजे माझे सासरे. मामा आता 74 चे आहेत.

अडचण मामांची आहे. हॉटेलात गेलं की ते खातच नाहीत. साधा भात मागवतात, दही घालून दोन घास घेतात आणि "माझं झालं, तुम्ही जेवा सावकाश" म्हणून बाहेर जाऊन बसतात. गेल्या साली पंढरपूरला गेलो तेव्हा दोन दिवस त्यांनी केळी आणि चहावर काढले. घरी यायला रात्रीचे अकरा वाजले, आत्याबाईंनी हातपाय धुतले आणि आधी भाकरी टाकली, वरण गरम केलं, आणि मामा जे जेवले ना, ते बघून मला स्वैपाकघरात रडू आलं होतं. भुकेलेला माणूस दोन दिवस आमच्या सोबत हिंडला आणि आम्हाला कळलंच नाही.

घरी खाण्याची काही तक्रार नाही. दोन्ही वेळेला दीड भाकरी लागते. येळवशीला तर शेतात बसून तीन वेळा जेवतात, भज्जी, उंडे, आंबील, सगळं.

लेकरांना मंच्युरियन पाहिजे. जाऊबाई म्हणतात तीन दिवस सुट्टी मिळाली तर तेव्हाबी पहाटे चारला उठून धपाटे थापायचे का, आणि त्यांचं काही चूक नाही. काय न्यावं, कुठं थांबावं, काय मागवावं, सांगा. आणि तुमच्या घरी जीवाला बरं वाटायला काय करतात तेपण लिहा, त्यातून मला काहीतरी सुचेल.

बालाघाटी
धपाटे न्या ताई, दुसरं शोधू नका. फक्त रोजच्यासारखे करू नका. प्रवासाच्या धपाट्यात कांदा घालायचा नाही, कोथिंबीर पण नावालाच, ओलं जितकं कमी तितकं टिकतं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, अर्धी वाटी बेसन, लसूण हिरवी मिरची जिरं वाटून, तीळ, ओवा, हळद, मीठ, आणि मळायला पाण्याऐवजी ताक घ्यायचं, ताकानं दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतात. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं हळूच सोडवायचं, बोटानं मधे भोकं पाडून तेल सोडायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, घाम सुटतो आणि वास येतो. सुती कपड्यात गुंडाळा. थंडीत दोन दिवस काही होत नाही.

पहाटे चारला उठायची पण गरज नाही, आदल्या संध्याकाळी करून ठेवा आणि दोघे भाऊ तव्यावर उभे राहू द्या की. मी राहतो. थापायला नाही जमत पण भाजायला जमतं.

परभणीची_सून
धपाट्यासोबत दही पाहिजेच. आणि दही प्रवासात सांडतं, पाणी सुटतं, सगळ्या पिशवीला वास. मी असं करते, आदल्या रात्री विरजलेलं दही सकाळी पातळ कापडात बांधून तासभर टांगते, पाणी निघून गेलं की घट्ट गोळा होतो, तो स्टीलच्या डब्यात. खाताना मीठ आणि थोडं दूध नाहीतर पाणी घालून फेटायचं. दुपारपर्यंत आंबट होत नाही.

शेंगदाण्याची चटणी मिक्सरला लावू नका, खलबत्त्यात कुटा. लसूण, तिखट, मीठ, जिरं आणि भाजलेले दाणे, तेल सुटेपर्यंत कुटायची, मग बोटाला चिकटते अशी होते. ती पंधरा दिवस बिनघोर.

मोंढा_नाका
माझं मत जरा वेगळंय. सगळं घरून नेलं तर घरच्या बायकांना सुट्टी कुठली, आणि तीन दिवसांची शिदोरी आठ माणसांची म्हणजे एक पोतं होतं. एका जेवणाचं न्या, पहिल्या दुपारचं. बाकी बाहेर खा, पण काय मागवायचं ते माहीत पाहिजे.

आपल्या भागातल्या धाब्यावर वयस्कर माणसासाठी एकच गोष्ट भरवशाची, डाळकांदा. हरभऱ्याची डाळ असते, भरपूर कांदा, लसूण, तिखट कमी सांगितलं की कमी करतात. पनीर, काजू करी ह्या गोष्टींची ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते, त्याच्यात तेल आणि काजूची पेस्ट, म्हाताऱ्या पोटाला ती जड जाते. डाळकांदा तेव्हाच्या तेव्हा फोडणीला पडतो. त्याच्यासोबत भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, लिंबू.

दुसरी गोष्ट, बसल्या बसल्या पहिली ऑर्डर भाकरीची द्या. भाकरी थापायला वेळ लागतो, तुम्ही शेवटी सांगितली की त्यांच्याकडची सकाळची गार गरम करून देतात आणि ती चामड्यासारखी लागते. थांबायच्या आधी आत डोकावून बघा कोणी भाकरी थापत बसलेलं आहे का. असेल तर थांबा, नसेल तर पुढं चला.

आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. तुमचा शनिवार आहे म्हणजे प्रश्न नाही पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

धाराशिवकर
मोंढा भाऊंना अनुमोदन. आमच्याकडं नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला अख्खा जिल्हा येतो, किल्ल्यातल्या ‘पाणी महाल’ नावाच्या बांधकामावर आपण उभं राहिलं की तोंडावर तुषार. आम्ही दरवर्षी जातो आणि दरवर्षी भाकरी-पिठलं घरूनच नेतो. ओल्या हवेत गार पिठलं काय लागतं हे सांगून कळायचं नाही.

नांदेडी
बरं वाटायला काय करतात असं विचारलंत ताई, तर आमच्या घरी सुशीला. बाहेरच्या लोकांना वाटतं बाईचं नाव आहे. मुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून घ्यायचे, जास्त भिजले तर लगदा होतो. फोडणीत मोहरी, जिरं, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग मुरमुरे आणि वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. कूट विसरलात तर तो सुशीला नाही. दहा मिनिटात होतो. शाळेतून आलो की आई हेच द्यायची, आता मी ड्युटीवरून येतो तर मुलगी करून देते, ती अकरावीला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला करते.

फिरायला जायचं म्हणाल तर कधी नांदेडला या. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथं देह ठेवला तिथं सचखंड गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरमध्ये कोणीबी जाऊन जेवतं. डाळ, पोळी, भाजी, भात, कधी खीर. पैसे नाहीत, जात नाही, विचारणं नाही. आमच्याकडं पाहुणे आले की आम्ही आधी तिथं नेतो.

गोदाकाठ
सुशीला वाचून लगेच भूक लागली.

आमच्याकडं अंबाडीची भाजी. पानं शिजवून पिळून घ्यायची, मग ज्वारीच्या कण्या आणि थोडी तूरडाळ घालून घोटायची, आणि ताटात वाढल्यावर वरून लसूण आणि लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी. त्या फोडणीचा आवाज आला की घरातले सगळे आपोआप स्वैपाकघरात जमतात. पलीकडं तेलंगणात हीच अंबाडी गोंगुरा म्हणून चटणीत, मटणात घालतात. आपण 1948 पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होतो, ताटातलं आंबट तिखट सारखं असणारच.

आणि ताप आला की ताककण्या. जाडसर भरडलेली ज्वारी मीठ घालून मऊ शिजवायची, गार झाली की ताक. लहानपणी ताप आल्यावर मी शाळा बुडाली म्हणून खूश नव्हतो, कण्या मिळणार म्हणून खूश असायचो.

अंबाजोगाईची_माहेरवाशीण
वरणफळं कोणी लिहिली नाहीत अजून. कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या आंबट वरणात सोडायचे, चिंचगूळ, वरून तूप. काही घरात चकोल्या म्हणतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ना, तेव्हा मी लातूरला भाड्याच्या खोलीत राहायचे, दोन लहान लेकरं. भांडी घासायला पाणी नसायचं. महिनाभर आठवड्यातून चार वेळा वरणफळं केली, एक पातेलं आणि चार ताटल्या, बस. लेकरांना अजून ते दिवस पाण्याचे म्हणून आठवत नाहीत, फळांचे म्हणून आठवतात. आज दोघंही बाहेरगावी शिकतात आणि सुट्टीत आले की पहिल्या दिवशी हेच मागतात.

जुनं_जातं
सगळं वाचलं. सूनबाई, मी तुमच्या सासऱ्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान असेन, तरी त्यांच्या बाजूनं थोडं लिहितो.

आमच्या पिढीला भाकरी म्हणजे काय ते 72 च्या दुष्काळानं शिकवलं. मी तेव्हा चौथीत होतो. घरातली ज्वारी संपली, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिला चिकटपणा नव्हता, आई थापायला लागली की कडा तुटायच्या, आई तुटकेच तुकडे भाजून द्यायची. पुढं शाळू पिकला, पहिली पांढरी भाकरी टम्म फुगली तेव्हा आई चुलीसमोर बसून नुसती बघत राहिली. त्या दिवसात भाजी कुठली, येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरे भाजून दळून ठेवलेलं पीठ असतं, चिमूटभर फोडणीत टाकून पाणी ओतलं की आमटी. त्याच्यात भाकरी चुरायची. आजही मला पक्वान्न नको, येसराची आमटी आणि चुरलेली भाकरी द्या.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. तुम्हीच लिहिलंय की मामा घरी जेवतात, शेतात तीनदा जेवतात, हॉटेलात जेवत नाहीत. म्हणजे बाहेरच्या चवीचा राग नाही. घरी आणि शेतात ते खाली मांडी घालून बसत असतील आणि भाकरी चुरून काला करून खात असतील. टेबलावर सपाट प्लेट असते, आजूबाजूला लोक चमच्यानं खातात. तिथं पाची बोटं घालून काला करायला माणूस लाजतो. आणि दातांचं काय? कवळी असेल तर भाकरी चावून खाता येत नाही, चुरावीच लागते. एकदा बघा. त्यांना विचारू नका, सांगणार नाहीत. आत्याबाईंना विचारा.

परभणीची_सून
काका, हे वाचून गप्प बसले मी. माझे वडील असेच करायचे. लग्नात पंगत असली की जेवायचे, बुफे असला की "उपवास आहे" म्हणायचे.

लातूरची_लेक
काका, आत्याबाईंना आत्ता विचारून आले. दोन वर्षांपासून कवळी आहे हे माहीत होतं. पण खालची नीट बसत नाही, भाकरी चावताना हलते आणि दुखते, म्हणून ते घरी आमटीत पूर्ण मऊ करून खातात, हे मला माहीत नव्हतं. मीच रोज वाढते आणि मला वाटायचं आवडीनं काला करतात. पंढरपूरला एका हॉटेलात त्यांनी भाकरी चुरायला घेतली होती तेव्हा वाढणारा पोरगा हसला होता म्हणे. आत्याबाईंनी पाहिलं होतं. त्यानंतर त्यांनी कुठंच ताटात हात घातला नाही.

परत आल्यावर कवळीचं दातांच्या डॉक्टरकडं नेऊन नीट करून घेणार. पण सहल चार दिवसांवर आहे. काय करू?

मोंढा_नाका
ताई, हायवेवर आता बऱ्याच ठिकाणी खाली बसायची भारतीय बैठक असते, नाहीतर फॅमिली रूम असते पडदा लावलेली. आधी फोन करून विचारा. आणि प्लेट नको, खोल ताट नाहीतर मोठा वाडगा मागा, देतात. डाळकांदा पातळ करून मागा, वर जास्तीची तर्री सांगा.

शहागंज
संभाजीनगरचा आहे, उशिरा लिहायलो. मुक्कामाच्या रात्री शहरात याल तर गुलमंडीवर जाऊन लेकरांना गरम इमरती खाऊ घाला, उडदाच्या डाळीची असते, मऊ असते, मामांना पण दातांचा त्रास नाही.

तुमच्यात कोणी सामिष खात असेल तर नान खलिया. आमच्याकडं लग्नाचं जेवण म्हणजे हेच. मोठ्या देगीत मटणाचा पातळ, हळदीच्या रंगाचा तिखट रस्सा आणि तंदूरमधले मोठे मऊ नान. घरात असं सांगतात की महंमद तुघलकानं 1327 साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून हे इकडं आलं. दौलताबादचा किल्ला चढून आल्यावर हे जेवण अंगी लागतं. आणि बघा, आमचे दादाजान पण नान रश्श्यात पूर्ण भिजवून, कालवून खायचे. सगळ्या म्हाताऱ्यांचं ताट सारखंच.

शनिवारी वेरूळला गर्दी असते, उघडल्या उघडल्या आत जा, कैलास म्हणजे 16 नंबर आधी बघा. लेण्यात खाणं नेऊ नका, डबा गाडीत ठेवा. वाटेत दौलताबादच्या बाजूला पेरू घेऊन बसलेल्या बायका असतात, मामांसाठी पिकलेला मऊ बघून घ्या.

बालाघाटी
येळवशीचे उंडे उरले तर ते पण न्या, बाजरीचे उंडे चुरून दह्यात छान लागतात. आणि कपिलधारला थांबा, मांजरसुंब्याहून जवळ आहे. मन्मथस्वामींची समाधी आहे, झाडी आहे, सावलीत सतरंजी टाकून बसता येतं. पहिल्या दुपारची शिदोरी तिथंच सोडा.

लातूरची_लेक
(आठ दिवसांनी)

मंडळी, आलो जाऊन. सगळं लिहिते, लांब होईल.

धपाटे आदल्या संध्याकाळी केले. थापले मी आणि जाऊबाईंनी, भाजले नवऱ्यानं आणि दीरांनी, तीस धपाटे दीड तासात. जाऊबाई म्हणाल्या असं असेल तर दर महिन्याला सहल काढू. दही परभणीच्या ताईंनी सांगितलं तसं टांगून घेतलं, एक थेंब सांडला नाही.

कपिलधारला सतरंजी टाकून बसलो. धपाटे, दही, चटणी, उंडे. मामांनी धपाटं दह्यात कालवून खाल्लं, दोन खाल्ले. शेतातल्यासारखं वाटायलंय म्हणाले. मला तिथंच निम्मं जिंकल्यासारखं झालं.

खरी काळजी रात्रीची होती. संभाजीनगरात शिरायच्या आधी एका ठिकाणी थांबलो, आधी फोन करून बैठक आहे का विचारलं होतं. नवरा आत जाऊन बघून आला, एक मावशी चुलीवर भाकरी थापत होत्या. बसल्या बसल्या भाकरी सांगितली, डाळकांदा पातळ, खोल ताटं आठ. लेकरांनी मंच्युरियन मागवलं ते पण येऊ दिलं.

ताटं आली. मामांनी नेहमीसारखं म्हटलं, मला भात सांगा थोडा. मी काही बोलले नाही. माझ्या ताटात दोन भाकरी घेतल्या आणि चुरायला लागले. मी कधी काला करून खात नाही, मला नीट चुरता पण येत नव्हतं, मोठे मोठे तुकडे राहायलेले. वरून डाळकांदा ओतला, लिंबू पिळलं. नवऱ्यानं बघितलं आणि त्यानं पण चुरली. मग दीरांनी. धाकटा म्हणाला, आबा, आईला येत नाही, तुम्ही दाखवा ना. मामा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी बाह्या वर केल्या, भाकरी घेतली आणि त्याला सांगायला लागले, आधी कडा मोडायच्या, त्या खाली टाकायच्या म्हणजे रश्श्यात मुरतात, मधला पापुद्रा वरून, आणि लगेच खायचं नाही, झाकून ठेवायचं थोडं. धाकट्यानं त्याच्यात मंच्युरियनचा एक गोळा पण चुरला. मामांनी चाखून बघितलं आणि बरा लागतो म्हणाले.

दोन भाकरी खाल्ल्या मामांनी. दुसऱ्यांदा डाळ मागितली ती त्यांनी स्वतः, वाढणाऱ्या पोराला हाक मारून.

वेरूळला कैलास बघताना ते लेकरांच्या पुढं होते. पेरू घेतले, इमरती खाल्ली. नान खलिया फक्त दीरांनी खाल्ला, शहागंज भाऊ, त्यांनी तुम्हाला धन्यवाद सांगितलंय.

येताना मात्र एका हॉटेलात फसलो, फार भूक लागली म्हणून आत न बघताच बसलो आणि गार, चिवट भाकरी आली, वर बिलात न मागितलेल्या पापडाचे पैसे. मोंढा भाऊंचा नियम मोडला त्याचं फळ. तिथं मामांनी दहीभात खाल्ला पण आमच्यासोबत शेवटपर्यंत बसून खाल्ला.

परभणीची_सून
ताई, ऑफिसात वाचायले आणि डोळे पुसायले.

जुनं_जातं
कडा खाली, पापुद्रा वर. बरोबर सांगितलंय त्यांनी. माझा नमस्कार सांगा. आणि कवळीचं लांबवू नका.

अंबाजोगाईची_माहेरवाशीण
उरलेल्या धपाट्यांचं काय केलं?

लातूरची_लेक
चार उरले होते, वाळले होते पार. घरी आल्यावर सकाळी बारीक चुरून कांदा-मिरचीच्या फोडणीला टाकले, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं, मऊ झाले. कवळीसाठी मंगळवारची वेळ घेतलीय काका.

नांदेडी भाऊ, मामांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, लंगरमध्ये खाली बसूनच पंगत असते का?

नांदेडी
हो ताई, खालीच, पट्टीवर, सगळ्यांची एकच ओळ. डोक्याला रुमाल लागतो, तो घेऊन या. पोळी दोन्ही हात पुढं करून घ्यायची असते हे लेकरांना आधी सांगून ठेवा. डाळ पातळ असते आणि मागाल तितकी वाढतात. कधी येताय ते कळवा, सकाळचा सुशीला आमच्या घरी.